आधी सॅम्पल, मग पोस्ट
(स्वतःचं ऑनलाइन टी-शर्ट दुकान काढणाऱ्या ग्राहकांसाठी)

तालमीची पोरं, ट्रेकचे ग्रुप, यूट्यूबवाले असे बरेच जण आपल्या नावाचे टी-शर्ट छापून ऑनलाइन विकायचे म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्याकडे स्क्रीन प्रिंटिंगला येतात. दुकान उभं करतानाचं सगळं ते इन्स्टावर दाखवतात. हे आम्हाला मनापासून आवडतं. फ्रेम (ज्या जाळीतून शाई कापडावर उतरते ती), शाई, छपाईचं टेबल बिनधास्त शूट करा. काम होताना बघितलेला माणूस माल घेताना भाव कमी करत नाही.

पण एक चूक परत परत होते. डिझाईन मोबाईलवरच टी-शर्टच्या फोटोवर चिकटवायचं आणि खाली लिहायचं, 'रविवारपासून बुकिंग, दहा दिवसांत घरपोच.' सॅम्पल अजून निघालेलंच नसतं.

गेल्या पावसाळ्यात पन्हाळा-पावनखिंड मोहिमेसाठी एका ग्रुपने काळ्या टी-शर्टवर जोतिबाच्या गुलालाचा रंग ठरवला. मोबाईलवर तो झळझळीत दिसत होता, कारण तिथे रंगाच्या मागे उजेड असतो. काळ्या कापडावर तीच शाई थेट मारली की रंग मरतो. म्हणून आधी पांढरा बेस मारायचा, तो सुकवायचा आणि वर गुलाबी. एका रंगाला दोन फ्रेम लागल्या, खर्च वाढला, छपाई हाताला जाड लागायला लागली. तोवर त्यांनी दर जाहीर करून ऐंशी जणांचे पैसे घेतले होते. त्यात कमेंटमध्ये 'अक्षरं मोठी करा' आलं आणि तयार फ्रेम पुन्हा बनवाव्या लागल्या. टी-शर्ट हातात पडले तेव्हा मोहीम होऊन गेली होती. पोरांचा हिरमोड आम्हालाही लागला.

तेव्हापासून सॅम्पलवर तुमची सही झाल्याशिवाय बाकीचा माल टेबलावर चढत नाही. काहींना हा आमचा हट्ट वाटतो. पण छापलेली शाई कापडावरून निघत नाही, आणि ज्याने पैसे भरलेत तो तुम्हाला विचारणार, आम्हाला नाही. सॅम्पलचे ४०० रुपये ऑर्डरच्या बिलातून वजा होतात.

तेव्हा जे झालंय ते दाखवा, जे व्हायचंय त्याची तारीख देऊ नका. लोकांची मतं फ्रेम बनायच्या आधी घ्या. सॅम्पल आलं की ते ट्यूबलाइटखाली नको, दारात उन्हात धरून फोटो काढा, धुऊन पुन्हा एक काढा. मग दर सांगा. तारीख आम्ही लिहून देतो, तिच्यात कुरिअरचे दिवस धरून जाहीर करा.

फाईल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली की बारीक होते आणि कडा फाटतात. कोरलड्रॉ या डिझाईनच्या सॉफ्टवेअरची किंवा पीडीएफ फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्टची अक्षरं आकारांत बदलून. फुटबॉल क्लबांचे लोगो आम्ही छापत नाही, कितीही आग्रह केला तरी.

आणखी एक. निपाणी-बेळगाव आपल्याला घरचं वाटतं, पण ते कर्नाटकात. राज्याबाहेर टी-शर्ट विकायचे तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी लागते. दुकान सुरू करायच्या आधी सीएंना भेटा.

आम्ही २५ नगांपासून ऑर्डर घेतो, त्यामुळे पहिल्या खेपेत पैसे अडकत नाहीत. घडी, पॅकिंग, पत्त्याचं लेबल हेही इथेच होतं. सॅम्पल बघायला सकाळी या, तेव्हा दारात ऊन असतं.