हॉस्पिसमधले स्वयंसेवक आले कुठून?

हॉस्पिस म्हणजे मरणासन्न रुग्णांची काळजी घेणारी संस्था. आधुनिक हॉस्पिसचा पाया घालणाऱ्या सिसिली सॉन्डर्स स्वतः आधी स्वयंसेवक होत्या. १९४८ पासून लंडनच्या सेंट ल्यूक्स या मरणासन्न रुग्णांच्या रुग्णालयात त्या दिवसभराची नोकरी सांभाळून संध्याकाळी शुश्रूषेला जात. तिथे मॉर्फिन हे वेदनाशामक ठरलेल्या वेळी, तोंडावाटे, नेमाने दिलं जाई. रुग्ण कळवळेपर्यंत कुणी थांबत नसे. इतरत्र तेव्हा वेदना अनावर झाल्यावरच इंजेक्शन मिळायचं. पुढे त्या डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. तिथे औषधाची ही पद्धत आली, तसे पहिल्यापासून स्वयंसेवकही आले. पगारी माणसं कमी पडली म्हणून स्वयंसेवक बोलावले, असं सरसकट म्हणणं मला म्हणूनच पटत नाही.

मुळं तर आणखी मागे जातात. फ्रान्समधल्या लिआँ शहरात नवरा आणि मुलं गमावलेल्या जान गार्निए यांनी १८४२ मध्ये विधवांना एकत्र केलं आणि असाध्य आजारी स्त्रियांची सेवा सुरू केली.

अमेरिकेत पहिलं आधुनिक हॉस्पिस १९७४ मध्ये कनेक्टिकटमध्ये उभं राहिलं. परिचारिका फ्लॉरेन्स वॉल्ड यांचा त्यात मोठा वाटा होता. १९८२ च्या कायद्याने हॉस्पिसचा खर्च मेडिकेअरमध्ये, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यात, आला आणि एक वेगळीच अट आली: पगारी कर्मचारी रुग्णसेवेला जितके तास देतात, त्याच्या किमान ५ टक्के तास स्वयंसेवकांचे हवेत. सरकारी पैसा आला की सेवाभाव आटतो, ही भीती तिथे थेट नियमातच उतरली. कार्यालयीन कामाचे तासही या हिशेबात धरता येतात. ही पळवाट मला खटकते, कारण रुग्णाला हवा असतो तो शेजारी बसून ऐकणारा माणूस.

केरळनं याच्या पुढचं पाऊल टाकलं. १९९३ मध्ये कोळिकोडला पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी स्थापन झाली. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणारी काळजी. दवाखान्यात येणं ज्यांना शक्य नाही, त्यांचं काय, हा प्रश्न लगेच पुढे आला. त्यातून मलप्पुरम भागात शेजाऱ्यापाजाऱ्यांचं जाळं विणलं गेलं. गल्लीत कोण अंथरुणाला खिळलंय हे शेजाऱ्यालाच आधी कळतं. तो घरी जातो, पाठीला जखमा झाल्यात का पाहतो, घरात शिधा आहे का, मुलांची शाळा सुटली नाही ना, याची चौकशी करतो. लागेल तेव्हा नर्स आणि डॉक्टर येतात. निधीही बराचसा लोकच छोट्या छोट्या रकमांतून उभा करतात, त्यामुळे निर्णयातही त्यांचा शब्द चालतो. २००८ मध्ये केरळ सरकारनं पॅलिएटिव्ह केअरचं धोरण आणलं, ते लोकसहभागाची हीच घडी समोर ठेवून.