रूप वेगळं, रचना वेगळी: लढाईच्या कवितेतला नेहमीचा घोळ

१७ सप्टेंबरला आमच्याकडं झेंडावंदन झालं की शाळेत काव्यवाचन असतंय, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं, आणि दरवर्षी परीक्षक म्हणून मलाच धरून नेतात, कारण रिटायर झालेला मराठीचा मास्तर गावात एवढा एकच रिकामा. यंदा गुणांचा जो कागद हातात दिला त्यात एक रकाना होता, 'रूप-रचना, १० गुण'. मी विचारलं, दोन्हीचे मिळून दहा का पाच-पाच? तर तिथला पोरगा म्हणला, "सर, एकच असतंय ना ते?" त्याच रात्री संभाजीनगरला एमए करणाऱ्या भाचीचा फोन. "मामा, युद्धकवितेवर पेपर लिहायलेय, रूप आणि रचना यात फरक काय सांगायचा, मला तर दोन्हीखाली एकच मजकूर यायलाय."

म्हणलं, चला, आता लिहूनच काढू.

यात पोरांची चूक नाही. दहावी-बारावीला रसग्रहण शिकवताना आपण तीन खण करून देतो, आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये, आणि मधल्या खणात यमक, अलंकार, रस, छंद, कडवी, सगळं कोंबायचं. मी स्वतः तीस वर्षं तसंच शिकवलंय. गुण मिळतात, कविता मात्र हाताला लागत नाही.

तर पंगत डोळ्यापुढं आणा. ताटात मीठ वर मधोमध, चटणी-कोशिंबीर डावीकडं, भाजी-आमटी उजवीकडं, हे तुम्ही बसायच्या आधीच ठरलेलं असतंय, तुमच्या आज्ज्यानं ठरवलेलं. ते रूप. आणि वाढपी आधी काय आणतो, गोड कधी फिरवतो, ताकभात कुठल्या क्षणी येतो आणि पोट भरल्यावर आग्रह करायला कोण येतं, ती रचना. ताट सगळ्या पंगतींचं तेच, वाढप दर लग्नाचं वेगळं. अभंग म्हणलं की सहा-सहा-सहा-चार अक्षरं आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक, हे कवीच्या जन्माआधीचं. पण त्या अभंगात देवाशी भांडण आधी येतं का शरणागती, हे त्या कवीचं स्वतःचं.

भाचीला एक सोपी परीक्षा सांगितली. कडव्यांची अदलाबदल कर. अदलाबदल करून अभंग अभंगच राहिला, पोवाडा पोवाडाच राहिला, पण कवितेचा अर्थ हलला, तर जे हललं ती रचना आणि जे जागेवर राहिलं ते रूप. उलटी परीक्षा पण करता येते, क्रम तोच ठेवून रूप बदलायचं. ती म्हणली, "उदाहरण द्या ना, नुसतं काय." आता लोकांच्या कवितेची मोडतोड कशाला करा, म्हणून मीच फोनवर तीन ओव्या जुळवल्या, जात्यावरच्या चालीत. रजाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांच्या, वेळची एक आई आहे असं समजायचं.

वेशीबाहेर बाई धुळीचा लोट आला
जेवता माझा लेक अर्ध्या ताटावरनं गेला

भाकर वाळून गेली, चूल गेली विझून
अंगण झाडते मी रोज वाट बघून

सतरा तारखेला झेंडा चढला वेशीवर
पाट मांडून ठेवला ताटाच्या जागेवर

कविता म्हणून फार थोर नाही, मला माहितीय. पण कामाला येते.

आधी रूप बघा. जात्यावरची ओवी दोन ओळींत संपते, शेवटी यमक, आणि प्रत्येक ओवी आपल्या पायावर उभी. का तर दळताना दम लागतो, मूठभर ज्वारी जात्यात टाकायला हात थांबतो, तेवढ्यात ओवी संपलेली पाहिजे. ऐकणारं कोण, तर समोर खुंट्याला हात लावलेली जाऊ नाहीतर नणंद, पहाटेचा अंधार, बाकी घर झोपलेलं. त्यामुळं ओवीत ओरडता येत नाही, लेक गेला हेसुद्धा भाकर वाळली म्हणूनच सांगावं लागतं.

आता हाच क्रम पोवाड्यात घाला. डफ आला, तुणतुणं आलं, मागं झीलकरी 'जी जी जी' म्हणायला उभे, आणि समोर चावडीवर अख्खं गाव. शाहीर 'धुळीचा लोट आला' म्हणला की डफावर थाप पडणार, लोकांच्या अंगावर काटा, तिथपर्यंत पोवाडा ओवीला मागं टाकतो. पण 'पाट मांडून ठेवला' वर झीलकऱ्यांनी 'जी जी जी' केलं तर? कसंतरीच होतंय बघा. घटना तीच, क्रम तोच, आणि तरी पोवाड्यात ती आई वीरमाता होऊन बसते, तिचा पाट पुतळ्याचा चौथरा होतो. अफझलखानाच्या वधापासून पोवाडा गाजवण्यासाठीच घडलेला आहे, त्याला कुजबुजायला लावलं तर तो अवघडतो. म्हणून लढाईच्या कवितेत रूपाचा पहिला प्रश्न यमक कुठं आहे हा नसतोच. हे कुणासमोर म्हणायचं आहे, हा असतो.

रचनेचं उदाहरण मात्र मी दोन आकड्यांवरून सांगतो, माझं आवडतं आहे, वर्गात तीस वर्षं सांगितलंय. एक आकडा सहाशे, दुसरा सात.

२५ ऑक्टोबर १८५४, क्रिमियाचं युद्ध, बालाक्लावाला एका गोंधळलेल्या हुकुमामुळं इंग्रजांचं घोडदळ थेट रशियन तोफांवर चालून गेलं. इंग्रज कवी टेनिसननं त्यावर केलेली कविता त्याच डिसेंबरात छापून आली, सहा कडव्यांची. लय अशी की एक ठोका जोरात, दोन हलके, एक जोरात, दोन हलके, घोड्याच्या टापाच. ते झालं रूप, इथपर्यंत सगळ्या गाईडात असतंय. पण कडव्यांचे शेवट एकाखाली एक मांडून बघा. पहिल्या तिन्ही कडव्यांच्या शेवटी सहाशे जण दौडत जातात. चौथ्याच्या शेवटी परत फिरतात, पण ते सहाशे नाहीत. पाचव्याच्या शेवटी सहाशेतले उरलेले. आणि सहाव्यात एकदम 'थोर सहाशे', म्हणजे मेलेले सगळे परत मोजणीत! रणांगणावरची बेरीज चुकली ती कवीनं कीर्तीत भरून काढली. हे छंदानं केलेलं नाही, धृपदाची ओळ कुठल्या कडव्यात किती वाकवायची या हिशोबानं केलंय. चौथं कडवं उचलून दुसऱ्या जागी ठेवा, टापा तशाच वाजतील, कविता मात्र मेली.

आता सात. २४ फेब्रुवारी १६७४, नेसरी, प्रतापराव गुजर आणि सहा सरदार बहलोलखानाच्या फौजेवर गेले, आणि त्यावरची कुसुमाग्रजांची कविता आपल्याकडं शाळेत न गेलेल्या माणसालाही गाण्यातून पाठ आहे. रूप असं की कडव्याच्या तीन ओळींना एक यमक आणि चौथी ओळ वळून 'आत'वर येते, निमिषात, दर्यात, वणव्यात, म्हणजे प्रत्येक कडवं शेवटी 'सात'च्याच नादाला येऊन धडकतं. दौड सुरू झाली की 'सात' हा शब्दही प्रत्येक कडव्यात आहे, आगीच्या कडव्यात तर दोनदा. आणि शेवटचं कडवं? तिथं दगडावर टाचा आहेत, ओढ्यात रक्ताचा रंग आहे, क्षितिजावर मातीचा ढग आहे, तीन ओळींत तीनदा 'अजून' आहे, पण 'सात' कुठंच नाही. आकडा गेला, नाद तेवढा 'गात' या शब्दात उरला. टेनिसन मेलेल्यांना परत मोजतो, कुसुमाग्रज मोजणंच सोडून देतात आणि भूतकाळातून उचलून आपल्याला आजच्या दगडापाशी आणून उभं करतात. मला विचाराल तर दुसरं जास्त भिडतं. आणि बघा, यमक रूपातलं, आकडा गायब करणं रचनेतलं, पण यमक टिकलं म्हणूनच आकडा गेलेला जाणवतो, दोन्ही एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे आहेत. घोळ होतो तो इथंच.

याच्याहून जास्त घोळ सुनीतात. सुनीतात, म्हणजे चौदा ओळींच्या कवितेत, बहुतेकदा आठव्या ओळीनंतर वळण येतं, म्हणजे रचनेचा एक तुकडा रूपातच शिवलेला. मग ते वळण कशात लिहायचं? मी म्हणतो, वळण असतं हे रूपात लिहा, कवीनं त्या वळणावर काय केलं हे रचनेत. पहिल्या महायुद्धातल्या विल्फ्रेड ओवेनची विषारी वायूच्या हल्ल्यावरची कविता २८ ओळींची आहे, दोन सुनीतं जोडल्यासारखी, पण ओळी वाटल्यात आठ, सहा, दोन आणि बारा अशा. त्या मधल्या दोन ओळी एकट्याच लटकतात, त्यात स्वप्नात गुदमरत अंगावर येणारा सोबती, बास. पूर्वी प्रेमाच्या कवितेसाठी वापरलेलं भांडं त्यानं खंदकात नेऊन आपटलं. वरून देशासाठी मरणं गोड असतं हे जुनं लॅटिन वचन शीर्षकात अर्धं देऊन पूर्ण करतो ते थेट शेवटच्या ओळींत, ते खोटं आहे असं सांगत. हा मुलगा युद्ध संपायच्या बरोबर एक आठवडा आधी, ४ नोव्हेंबर १९१८ला, मारला गेला, वय २५.

गझलेत माझी अदलाबदलीची परीक्षा आपटते, हे पण सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी गाठून विचारणारच, आम्ही गझलकार सिराज औरंगाबादीच्या मुलखातले. मतला म्हणजे पहिला शेर आधी आणि मक्ता म्हणजे कवीच्या नावाचा शेर शेवटी, एवढं सोडलं तर मधले शेर इकडंतिकडं केले तरी फारसं बिघडत नाही, कारण प्रत्येक शेर स्वतंत्र. म्हणजे तिथं क्रम सैल असणं हेच रूप. दंगलीवरची गझल वाचताना म्हणूनच गोष्ट शोधू नका, एकाच जखमेला किती बाजूंनी हात लावलाय ते बघा.

आणि मुक्तछंदाला रूप नसतं हे कृपा करून लिहू नका. १९७८ ते १९९४, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या काळात इथं जी कविता लिहिली गेली ती बरीचशी मुक्तछंदात आहे, घरं जळाली त्यावर कुणी अक्षरं मोजत बसणार होतं का? पण ओळ कुठं तोडायची, कुठला शब्द एकटा सोडायचा, हे मोजूनच केलेलं असतंय. छंद नाकारणं हेसुद्धा निवडलेलं रूपच आहे.

भाषेचं थोडक्यात, कारण तिथं गोंधळ कमी होतो. शब्द, प्रतिमा, क्रियापद कर्तरी का कर्मणी, कोण बोलतंय, नाव घेतलंय का टाळलंय. टेनिसनच्या कवितेत कुणाचं तरी चुकलं होतं एवढंच येतं, कुणाचं ते नाही. साहेबाचं नाव न घेता साहेबाला धुतलंय. माझ्या त्या ओव्यांतही बघा, 'रजाकार' हा शब्द नाही, नुसती धूळ आहे. ते मी मुद्दाम केलं असं म्हणायला मला आवडलं असतं, पण खरं सांगायचं तर तो शब्द मात्रेत बसंना म्हणून सोडला.

आणि त्यावरूनच भाचीनं मला गप्प केलं. दुसऱ्या दिवशी तिचा फोन. म्हणली, "मामा, तुमची परीक्षा तुमच्याच ओव्यांवर केली. तिसरी ओवी पहिली घेतली. ऐका." आणि तिनं वाचलं.

सतरा तारखेला झेंडा चढला वेशीवर
पाट मांडून ठेवला ताटाच्या जागेवर

वेशीबाहेर बाई धुळीचा लोट आला
जेवता माझा लेक अर्ध्या ताटावरनं गेला

भाकर वाळून गेली, चूल गेली विझून
अंगण झाडते मी रोज वाट बघून

एक अक्षर बदललं नव्हतं. पण आता झेंडा आधी चढला आणि धूळ नंतर आली. पाट मांडलाय तो जेवायला बसणाऱ्यासाठी, गेलेल्यासाठी नाही. १३ ते १७ सप्टेंबर १९४८, पाच दिवसांत निजामाचं राज्य गेलं, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यात ज्या घरांवर सूड उगवला गेला ती दुसऱ्या गल्लीतली घरं होती, रजाकारांशी काही संबंध नसलेल्या कितीतरी मुसलमान घरांतली माणसं त्यात गेली. झेंडावंदनाच्या कवितेत ती येत नाहीत, माझ्या एकाही पोरानं कधी वाचली नाही आणि मीही कधी वाचून घेतली नाही.

"मामा, ही आता कुणाची आई झाली?" भाचीनं विचारलं.

मी म्हणलं, पेपरात हेच लिही, रचनेखाली.