अॅक्युम्युलेशन

अॅक्युम्युलेशन म्हणजे संचय. थोडेथोडे भर पडत जाऊन झालेला मोठा साठा, आणि तो होण्याची क्रियाही. शब्दाच्या मुळाशी लॅटिन 'क्युम्युलस' आहे, म्हणजे रास, ढीग. त्याला 'अॅड' हा उपसर्ग लागून 'राशीत भर घालणे' अशा अर्थाचे क्रियापद तयार झाले आणि त्यावरून आलेले हे नाम पंधराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आले. लंडनचे औषधनिर्माते ल्यूक हॉवर्ड यांनी १८०२ मध्ये ढगांचे वर्गीकरण मांडले, तेव्हा ढिगासारख्या दिसणाऱ्या ढगांना त्यांनी मूळ लॅटिन शब्दच दिला. मराठीत ते राशिमेघ.

मराठीत गाळ साचतो आणि धान्य साठवतात. आपोआप होणारे आणि हेतुपुरस्सर केलेले आपण वेगळे ठेवतो. इंग्रजी शब्दात दोन्ही मावतात. शरीरात शिसे साचणे हेही अॅक्युम्युलेशन आणि भांडवल जमवणे हेही. त्यात वेचून गोळा करण्यापेक्षा काळाला महत्त्व अधिक. विजेच्या पुन्हा भारित होणाऱ्या घटाला अॅक्युम्युलेटर म्हणत. जर्मनीत त्याचे 'आकू' हे लघुरूप आजही रोजच्या बोलण्यात आहे.

या शब्दाची खरी ताकद मात्र कायद्यात दिसते. लंडनचे धनाढ्य व्यापारी पीटर थेलुसन १७९७ मध्ये वारले. आपल्या मृत्यूच्या वेळी हयात असलेल्या मुलानातवंडांतील शेवटचा पुरुष जाईपर्यंत संपत्तीचे उत्पन्न कोणालाही न वाटता पुन्हा मुद्दलात घालावे, अशी तजवीज त्यांनी मृत्युपत्रात केली होती. चक्रवाढीने ही रास अवाढव्य होईल या धास्तीने ब्रिटिश संसदेने १८०० मध्ये अशा संचयाला मुदतीची मर्यादा घालणारा कायदा केला. थेलुसन यांचे मृत्युपत्र मात्र न्यायालयात वैध ठरले. वारसांचा वाद १८५९ मध्ये मिटला, पण तोवर अपेक्षित वाढीचा मोठा भाग दावे आणि व्यवस्थापन यांच्या खर्चात गेला होता.

हाच विचार भारताच्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात कलम १७ म्हणून आला. उत्पन्नाचा संचय करण्याची अट हस्तांतरण करणाऱ्याच्या हयातीपर्यंत किंवा हस्तांतरणापासून १८ वर्षे, यांपैकी जी मुदत मोठी तेवढीच चालते. हस्तांतरण करणाऱ्याचे कर्ज फेडणे, मुलांच्या हिश्श्याची तरतूद आणि मालमत्तेची देखभाल यांसाठीच्या संचयाला ही मर्यादा लागू नाही.