भागीत घेतलेली मूर्ती आणि निर्यातबंदी : पार्श्वभूमी

एक मूर्ती तीन-चार व्यापाऱ्यांनी भागीत घ्यायची. एकाची गावात ओळख, दुसऱ्याचा पैसा, तिसऱ्याचं बंदरावर माल रवाना करणाऱ्याशी सूत. विकली गेली की हिश्श्याप्रमाणे वाटप. पकडली गेली की "माझा फक्त पैसा होता".

खानदेशात विहीर खणताना, घराचा पाया काढताना देव निघाले तर लागू होतो तो १८७८ चा निखात निधी कायदा. दहा रुपयांवरचा ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं. दुसरा दावेदार नसेल आणि आपसात करार नसेल, तर तीन हिस्से सापडवणाऱ्याला, एक जमीनमालकाला. खोच पुढे आहे. सरकारने ठेवा स्वतःकडे घेतला तर मोबदला ठरतो तो ठेवा ज्याचा बनला त्या मालाच्या किमतीवर, वर एकपंचमांश. म्हणजे दहाव्या शतकातल्या देवाला मोडीचा भाव अधिक वीस टक्के! बांधावर उभा असलेला गिऱ्हाईक त्याच्या कितीतरी पट रोख देतो. मग बातमी तलाठ्यापर्यंत जाईलच कशाला? चोपडा तालुक्यातल्या चहार्डीची ऋषभनाथाची चोवीशी (चोवीस तीर्थंकर एकत्र दाखवणारी जैन मूर्ती) मुंबईच्या संग्रहालयात पोचली. सगळ्या देवांचं नशीब तसं नसतं.

पुरावस्तूंच्या निर्यातीवरच्या १९४७ च्या कायद्यात परवाना काढून निर्यात करता येई. १९७२ चा पुरावस्तू आणि कलाठेवा कायदा ५ एप्रिल १९७६ पासून लागू झाला आणि तो रस्ता बंद झाला. पुरावस्तू बाहेर पाठवणार फक्त केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेली यंत्रणा. देशात विकायचा परवाना वेगळा, नोंदणीचा दाखला वेगळा. दोन्ही हातात असले तरी निर्यातीला उपयोग शून्य. दगड, धातू, भाजकी माती, हस्तिदंत यांच्या मूर्तीची नोंदणी हाती आल्यापासून पंधरा दिवसांत करायची, आणि ती मालकावर, ताबा असणाऱ्यावर, नियंत्रण असणाऱ्यावर, सगळ्यांवर बंधनकारक. भागीत हे तिघे निरनिराळे असू शकतात.

"पुरावस्तू" हा शब्दही सरळ नाही. शंभर वर्षं ही सरकती रेघ आहे: १९३० ची मूर्ती २०३० मध्ये पुरावस्तू होते. गिऱ्हाईक मिळेपर्यंत माल दाबून ठेवला, तर तो गोदामातच रेघ ओलांडतो. नव्या मूर्तीला "पुरावस्तू नाही" असा दाखला मिळतो, आणि लबाडी तिथेच होते. दाखवायची नवी प्रतिकृती, पेटीत भरायची अस्सल. म्हणून फोटोशी माप, तुटलेली बोटं, पीठावरच्या खुणा ताडून पाहाव्या लागतात.

१९७२ च्या कायद्याच्या कलम २५ मध्ये "स्वतः किंवा आपल्या वतीने दुसऱ्याकरवी" निर्यात करणारा, तसा प्रयत्न करणारासुद्धा येतो. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड. माल दुसऱ्याने बंदरावर नेला म्हणून भागीदार सुटेलच असं नाही.

तमिळनाडूतल्या पत्तूरला १९७६ मध्ये जमिनीतून निघालेला नटराज दलालांच्या हातांतून लंडनला गेला. तिथल्या खटल्यात मूर्तीवरची माती गावातल्या मातीशी ताडली गेली, देवळाचा दावा मान्य झाला आणि १९९१ मध्ये नटराज परतला. साक्री तालुक्यातल्या बलसाण्यासारख्या जुन्या देवळांच्या ठिकाणाहून उद्या काही गेलं, तर पहिला प्रश्न येईल: मूर्ती जागेवर असतानाचा, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो कुणाकडे आहे?