पोटातली बिनज्योतीची आग

"जगायला ऑक्सिजन लागतो" असं लहान मुलाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "पण का?" त्याचं बरोबरच असतं, आपण उत्तर दिलेलंच नसतं.

हे समजावताना नाकापासून नव्हे, जेवणापासून सुरुवात करावी. जेवलं की ताकद येते, हे मुलांना ठाऊक असतं. ती ताकद अन्नातून बाहेर कशी काढायची, खरी गोम तिथे आहे.

एक मेणबत्ती लावा (हे काम मोठ्यांचं) आणि तिच्यावर काचेचा ग्लास उपडा घाला. ज्योत बारीक होते, थरथरते आणि धुराची रेघ सोडून विझते. मेण आहे, वात आहे, तरी विझली! जळण असून भागत नाही, हवाही लागते. ग्लासाच्या आतली बाजू नीट बघायला सांगा. तिथे वाफ धरलेली दिसेल. मेणातला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येऊन ते पाणी तयार झालं. आतला सगळा ऑक्सिजन संपला, असं मात्र सांगू नका. बराच उरलेला असतो, फक्त ज्योतीला तो पुरत नाही.

"म्हणजे माझ्या पोटात आग आहे?" हा प्रश्न येणारच. लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञालाही तसंच काहीसं वाटलं होतं. 1782-83 च्या हिवाळ्यात त्याने आणि त्याचा सहकारी शास्त्रज्ञ लाप्लास याने एक गिनिपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला आणि त्याच्या उबेने किती बर्फ वितळला ते मोजलं. श्वसन म्हणजे संथ ज्वलनच, असा निष्कर्ष त्यांनी काढला. फक्त ही 'आग' फुप्फुसात असावी, हा त्यांचा अंदाज चुकला. ती असते शरीरभरच्या पेशींमध्ये, मायटोकॉन्ड्रिया नावाच्या इवल्या भट्ट्यांत. तिथे ज्योत नाही, चटका नाही. साखर टप्प्याटप्प्याने मोडते, तिच्यातला हायड्रोजन शेवटी ऑक्सिजनला मिळून पाणी होतं, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ग्लासात घडलं तेच, पण सावकाश. ऑक्सिजन नसेल तर साखरेच्या एका रेणूतून ऊर्जेची जेमतेम 2 नाणी (पेशी ऊर्जा खर्चायला वापरते ते एटीपी नावाचे रेणू) हाती लागतात. असेल तर 30 च्या आसपास. एकट्या मेंदूलाच शरीराच्या एकूण ऑक्सिजनपैकी साधारण पाचवा हिस्सा लागतो, मग 2 नाण्यांत कसं भागणार?

अन्न चरबीच्या रूपात साठवता येतं, ऑक्सिजनचं तसं कोठार शरीरात नाही. म्हणून जेवण दिवसातून दोन-तीनदा, श्वास मात्र झोपेतही.

आता मुलाला श्वास रोखायला सांगा. थोड्याच वेळात गाल फुगतील, डोळे मोठे होतील आणि "हाऽऽ" करून तो श्वास सोडेल. ऑक्सिजन संपला म्हणून जीव कासावीस झाला, असं आपल्याला वाटतं. खरं तर रक्तात तो अजून भरपूर असतो. बाहेर न पडलेला कार्बन डायऑक्साइड साचत जातो, आणि मेंदू ओरडतो तो त्याच्यामुळे.