कापडाची खरी करामत त्याच्या भोकांत

मे महिना लागला की आमच्या पंचवटीतल्या घरी माठाला ओलं फडकं गुंडाळतात आणि ते सुकलं की परत भिजवायची ड्युटी माझी. लहानपणी वाटायचं फडकं गार म्हणून पाणी गार. पण खरा खेळ वाफेचा आहे, 1 ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण 580 कॅलरी उष्णता लागते (डाएटवाली कॅलरी नाही हं, ती हजारपट मोठी), आणि ती सगळी माठातनं ओढली गेली तर 58 ग्रॅम पाणी 10 अंशांनी गार होईल. अर्थात बरीचशी आजूबाजूच्या हवेतनंही येते, म्हणून एवढं गार होत नाही. नाशिकचा उन्हाळा कोरडा म्हणून हे जमतं, मुंबईला मावशीकडे तसाच माठ आहे पण तिथल्या हवेत आधीच एवढी वाफ की फडकं सुकतच नाही लवकर. आणि फडक्याऐवजी प्लास्टिकची पिशवी गुंडाळली तर? काहीच होणार नाही, वाफेला बाहेर पडायला वाटच नाही ना.

गोधडीचंही तेच, फक्त उलट्या बाजूने. निफाडकडे थंडी कसली पडते माहितीये ना, तिथे जुन्या लुगड्यांची गोधडी ऊब देते म्हणजे कापड काही तापत नाही, थरांमध्ये अडकलेली हवा आपल्याच अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. पण गोधडी ओली झाली की संपलं, हवेच्या जागी पाणी येतं आणि पाणी हवेपेक्षा वीसपटीहून जास्त वेगाने उष्णता पळवतं.

बांधकामावर कॉलमला गुंडाळलेलं ओलं गोणपाट बघितलंच असेल. सिमेंट सुकून कडक होतं असं बऱ्याच जणांना वाटतं, ते चूक. पाण्याशी रिॲक्शन होऊन ते कडक होतं, म्हणून निदान 7 दिवस ओलं ठेवायचं, आणि गोणपाट पाणी धरून ठेवतं.

सगळ्यात भारी गोष्ट मात्र साडीची. अमेरिकेतल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कॉलवेल आणि त्यांच्या टीमने बांगलादेशातल्या खेड्यांत बायकांना जुनी साडी निदान चार पदरी करून पाणी गाळायला सांगितलं, 2003 मध्ये निकाल छापून आला, कॉलरा 48 टक्क्यांनी कमी! आता कॉलराचा जंतू एवढा बारीक की साडीतनं आरामात निसटेल, पण तो पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून राहतो आणि ते जीव मात्र अडकतात, कारण घड्या घातल्यावर भोकं साधारण 20 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) होतात. साडी जुनीच का, तर धुवून धुवून धागे फुगतात, विस्कटतात, भोकं अजून बारीक होतात. सुटे जंतू तरीही निसटतात, त्यामुळे उकळायचं ते उकळायचंच.

हे वाचल्यापासून आमच्या नळाचं फडकं मी चार पदरी केलंय. आईचं म्हणणं, हंडा भरेपर्यंत पाणी जाईल.