टूरो सिनेगॉग

टूरो सिनेगॉग हे अमेरिकेत आज उभ्या असलेल्या ज्यू प्रार्थनामंदिरांतील सर्वांत जुने असून ते ऱ्होड आयलंड राज्यातील न्यूपोर्ट या बंदरगावी आहे. पीटर हॅरिसन यांनी आरेखन केलेले हे मंदिर २ डिसेंबर १७६३ रोजी प्रार्थनेस खुले झाले. विटांची ही इमारत बाहेरून साधी, पण रस्त्याला तिरकी आहे. कारण तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्यांचे कपाट पूर्वेला, म्हणजे जेरुसलेमच्या दिशेला, यावे लागते. आत बारा खांबांवर स्त्रियांचा सज्जा आहे.

ते बांधणारा समाज प्रामुख्याने सेफार्दी, म्हणजे स्पेन-पोर्तुगालकडील मुळाचा होता. त्यांतील व्यापारी एरन लोपेझ हा लिस्बनमध्ये ‘दुआर्ते’ या ख्रिस्ती नावाने वाढला (तिथे इन्क्विझिशन या चर्चच्या धर्मन्यायासनामुळे उघडपणे ज्यू राहता येत नसे; गोव्यात १५६० साली आलेले इन्क्विझिशन याच राजवटीचे) आणि न्यूपोर्टला आल्यावर उघडपणे ज्यू झाला. १७५९ मध्ये पायाचा एक दगड त्याच्या हातून बसला. १७६२ मध्ये मात्र केवळ ख्रिस्ती नाही म्हणून ऱ्होड आयलंडने त्याला नागरिकत्व नाकारले आणि ते त्याला शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये मिळवावे लागले. प्रार्थनेची मुभा होती, बरोबरीचा हक्क नव्हता. याच लोपेझची जहाजे गुलामांच्या व्यापारातही होती, हेही नोंदवले पाहिजे.

ऑगस्ट १७९० मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन न्यूपोर्टला आले, तेव्हा मोझेस सेशस यांनी समाजाच्या वतीने त्यांना मानपत्र दिले. धर्मांधतेला मान्यता नाही आणि छळाला साहाय्य नाही, हे वॉशिंग्टन यांच्या लेखी उत्तरातील गाजलेले वचन मुळात मानपत्रातलेच होते. वॉशिंग्टन यांची स्वतःची भर अधिक मोलाची म्हणावी लागेल: एका वर्गाच्या मेहेरबानीने दुसऱ्याला त्याचे नैसर्गिक हक्क भोगता येतात, अशा अर्थाने सहिष्णुतेची भाषा आता उरलेली नाही, असे त्यांनी लिहिले.

पुढे बंदराचा व्यापार ओसरला, घराणी पांगली आणि मंदिर बंद पडले. मंदिराचे पहिले धर्मगुरू आयझॅक टूरो यांचे पुत्र असलेल्या टूरो बंधूंच्या देणग्यांमुळे वास्तू टिकली. १८८३ मध्ये पूर्व युरोपातून आलेल्या नव्या ज्यूंसाठी ती पुन्हा उघडली. मालकी मात्र न्यूयॉर्कच्या शिअरिथ इस्राएल या मंडळीकडे राहिली आणि न्यूपोर्टची मंडळी वर्षाला १ डॉलर नाममात्र भाड्याने राहू लागली. तोरा-दांड्यांवरची चांदीची शिखरे विकण्यावरून दोन्ही मंडळ्या न्यायालयात गेल्या. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने न्यूयॉर्कच्या बाजूने निकाल दिला आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला.